कॅसेट कोणाचीही, खेळणार सगळे! टीव्ही गेमच्या कंपन्यांचं भांडण आणि आपला खान्देश

नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्यात वाढलेल्या पिढीला "तुझा गेम कोणत्या कंपनीचा?" हा प्रश्न कधी पडलाच नाही. प्रश्न एकच असायचा, "भो, कॅसेट कोणती आहे?"

आज त्याच पिढीची पोरं प्लेस्टेशन भारी की एक्सबॉक्स भारी यावरून मित्राशी अबोला धरतात. पन्नास हजारांच्या घरातलं यंत्र बापाने हप्त्यावर घेऊन दिलेलं असतं, आणि ते घरात आलं की पोरगं त्या कंपनीचं वकीलपत्र घेतं. पगार कोणी देत नाही, तरी. हे कसं झालं, यात आपण काय कमावलं आणि काय गमावलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

भांडणाची सुरुवात

१५ जुलै १९८३. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र बाजारात आणलं. टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेट खोचायची आणि खेळायचं. गंमत म्हणजे त्याच दिवशी सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीनेही आपलं पहिलं घरगुती यंत्र विकायला काढलं. म्हणजे हे भांडण अक्षरशः पहिल्या दिवसापासूनचं आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. कोणीही उठावं आणि गेम काढावा, दुकानं रद्दी मालाने भरलेली, गिऱ्हाईक वैतागलेलं. त्यामुळे १९८५ मध्ये निन्टेंडो अमेरिकेत उतरली तेव्हा तिने यंत्रात एक कुलूप बसवलं. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींचं जुळलं तरच गेम चालणार, नाहीतर यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहणार. सांगताना सांगितलं की हे दर्जा राखण्यासाठी आहे. ते काही अंशी खरंही होतं. पण त्याच कुलपामुळे गेम बनवणारी प्रत्येक कंपनी निन्टेंडोच्या दारात आली. करार असा, की वर्षाला पाचच गेम काढायचे आणि निन्टेंडोसाठी काढलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर द्यायचा नाही.

आता तिथल्या पोराच्या डोळ्याने बघा. त्याला दिसतं की सगळे चांगले गेम निन्टेंडोवरच आहेत. तो म्हणतो, निन्टेंडोच भारी. त्याची ही निष्ठा खरी होती, पण तिची पेरणी करारात झाली होती.

१९८९ मध्ये सेगाने अमेरिकेत आपलं १६ बिटचं यंत्र नेलं. जाहिरातीत निन्टेंडोचं नाव घेऊन टिंगल केली. १९९१ मध्ये मारिओला टक्कर द्यायला निळा सोनिक पळत आला. शाळेच्या मैदानांवर दोन पार्ट्या पडल्या. दोन्ही कंपन्यांना हेच हवं होतं, कारण पोरं आपापसात भांडू लागली की जाहिरातीचं निम्मं काम फुकटात होतं.

इकडे आपल्याकडे

आपल्याकडे या भांडणाचा आवाज पोहोचलाच नाही. कारण साधं होतं. परदेशी यंत्रावर आयात करच इतका होता की मूळ माल सामान्य माणसाच्या आवाक्यात येणं शक्य नव्हतं. १९९५ मध्ये सेगाने यातून वाट काढायला शॉ वॉलेसशी वितरणाचा करार केला. हो, तीच दारूच्या धंद्यातली शॉ वॉलेस. तेव्हा आयात कर ८० टक्के होता, आणि करार करूनही यंत्राची किंमत पडली १८,००० रुपये. १९९५ चे अठरा हजार! आपल्याकडे कापसाचा हिशोब लावून बघा, मग कळेल की किती घरांत ते आलं असेल.

मग आपल्या गल्लीत जे होतं ते काय होतं? इथे त्या कुलपाची गोष्ट पुन्हा येते. कुलूप अमेरिकेच्या यंत्रात होतं. १९८३ च्या मूळ जपानी फॅमिकॉममध्ये ते नव्हतंच. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी नेमकं तेच यंत्र उचललं, त्याची नक्कल केली आणि जगभर पाठवली. रशियात १९९२ पासून ते 'डेंडी' नावाने विकलं गेलं, पोलंडमध्ये 'पेगासस' झालं. चीनमध्ये 'सुबोर'ने त्याला कीबोर्ड जोडून अभ्यासाचं यंत्र म्हणून आईबापांच्या गळ्यात मारलं. भारतात 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावं आली, आणि कित्येक डब्यांवर तर नावच धड नव्हतं.

वरचं प्लास्टिक वेगळं, रिमोटचा रंग वेगळा, खोक्यावरचं चित्र वेगळं. आतला मेंदू मात्र एकच. म्हणून कॅसेटची खाच एकच, आणि म्हणून कोणाचीही कॅसेट कोणाच्याही यंत्रात चालायची.

मालाची वाट मुंबईची. भुसावळ-जळगावला रेल्वेने, धुळ्याला आग्रा रोडने. दुकानदार कंपनीचं नाव सांगायचाच नाही. तो म्हणायचा, "काँट्रा आहे, मारिओ आहे, टँक आहे, बंदूक सोबत फ्री." आम्ही यंत्र बघायचो नाही, कॅसेटवरचा आकडा बघायचो. '९९९९ इन वन' लिहिलेलं असायचं आणि आत मोजून दहा-बारा गेम, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा.

पण खरी गंमत उसनवारीची. एका घरात तीन कॅसेट, गल्लीत दहा घरं, म्हणजे प्रत्येकाकडे तीस कॅसेट. दुपारी दिलेली संध्याकाळी परत, काँट्रा असेल तर बदल्यात दोन. हरवली तर आईपर्यंत तक्रार. फुंकर मारून चालू करायची ही सगळ्यांची विद्या. (प्रत्यक्षात फुंकरीतल्या ओलाव्याने आतले तांब्याचे दात खराब होतात. काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे चालायचं, श्रेय फुंकरीला मिळायचं.) खेळ जतन करायची सोय बहुतेक गेममध्ये नव्हती, त्यामुळे आठव्या पातळीला वीज गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पातळीवर. खान्देशातल्या पोराने पराभव पचवायला तिथेच शिकलं म्हणा ना!

या सगळ्यात निष्ठा कशावर होती? कंपनीवर नाही. गेमवर होती आणि गल्लीवर होती.

एक गोष्ट स्पष्ट बोलू

कोणी म्हणेल, "दादा, तुम्ही चोरीच्या मालाचं कौतुक करताय." मुद्दा बरोबर आहे. ती यंत्रं आणि बहुतेक कॅसेट विनापरवाना होत्या. ज्यांनी जपानमध्ये डोकं लावून ते गेम बनवले त्यांना आपल्याकडून दमडी मिळाली नाही. पुढे प्लेस्टेशन २ च्या काळात कॉपी केलेल्या डिस्कचंही तेच झालं. त्याची किंमतही आपण मोजली. अधिकृत विक्रीच नाही म्हटल्यावर आपल्या भाषेत, आपल्या मातीतले गेम कोण बनवणार?

म्हणून नकलेचं समर्थन मी करत नाही. मी फक्त एक गोष्ट वेगळी काढून दाखवतोय. कॅसेट बदलता येणं, उसनी देता येणं, विकता येणं. ही सवलत मूळ मालालाही होती. अमेरिकेतलं पोरगंसुद्धा आपली अधिकृत कॅसेट मित्राला द्यायचं. वस्तू हातात होती, म्हणजे वस्तू आपली होती.

निष्ठावंतांचं काय झालं?

सेगासाठी भांडणाऱ्यांची गोष्ट ऐका. १९९४ मध्ये कंपनीने त्यांना जुन्या यंत्रावर बसवायचं एक महागडं जोडयंत्र विकलं. थोड्याच दिवसांत ते अडगळीत गेलं, कारण मे १९९५ मध्ये कंपनीने अमेरिकेत 'सॅटर्न' हे नवंच यंत्र ठरलेल्या तारखेच्या चार महिने आधी अचानक बाजारात सोडलं. किंमत ३९९ डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनीने सांगितलं की आमचं प्लेस्टेशन २९९ डॉलरला. संपला विषय.

ही सोनी कोण? तर मुळात निन्टेंडोची भागीदार. सीडीवर चालणारं यंत्र दोघी मिळून काढणार होत्या. १९९१ मध्ये सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सचा हात धरला. त्या अपमानातून ३ डिसेंबर १९९४ ला प्लेस्टेशन जन्माला आलं. त्याचा धाकटा भाऊ प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटींहून जास्त खपला.

सेगाने ३१ जानेवारी २००१ ला यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सोनिक कुठे दिसला? निन्टेंडोच्या यंत्रावर! ज्याच्यासाठी पोरांनी मैत्र्या तोडल्या तो शत्रूच्या अंगणात पळत होता. कंपनीने धंदा बघितला, त्यात गैर काही नाही. पण निष्ठा एकतर्फी होती हे त्या दिवशी सिद्ध झालं. आज मायक्रोसॉफ्टही आपले गेम सोनीच्या यंत्रावर विकते.

खरा मुद्दा

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सबरोबर असा नियम आणायचं ठरवलं की डिस्क विकत घेतली तरी ती मित्राला देण्यावर, जुनी म्हणून विकण्यावर बंधनं असतील. जगभर बोंब उठली. सोनीने एक छोटासा व्हिडिओ काढला. आमचा गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एका माणसाने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, व्हिडिओ संपला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. तेव्हा गिऱ्हाईक जिंकलं, कारण त्या वेळी आपल्याच यंत्राचे चाहते आपल्याच कंपनीवर चिडले होते.

पण तीच गोष्ट नंतर मागच्या दाराने आली. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं. डिस्कवालं ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचं ३९,९९० ला. दहा हजार वाचले म्हणून आपण खूश. पण बिनडिस्कच्या यंत्रात गेम फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचा. उसना देणं नाही, विकणं नाही. आणि दहा वर्षांची खरेदी त्या खात्यात अडकली की दुसऱ्या कंपनीकडे जायची हिंमत होत नाही. आपण त्यालाच निष्ठा म्हणतो!

याचं टोक बघायचं तर 'द क्रू' हा गाड्यांचा गेम. २०१४ मध्ये आला, लोकांनी पैसे मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम कायमचा बंद. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला. जिथे ग्राहकाला फक्त वापरायचा परवाना मिळतो, तिथे 'विकत घ्या' असं लिहायचं असेल तर ही गोष्ट आधी स्पष्ट सांगावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संकरित कपाशीचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि जून आला की ठरावीक वाणासाठी कृषी केंद्रापुढे रांगा लागतात, हे आपण बघतो. त्या रांगेतल्या शेतकऱ्याला कंपनीचा भक्त म्हणणं अन्याय होईल. एक हंगाम वाया गेला तर काय होतं हे त्याला माहीत आहे, म्हणून तो पारखलेलं वाण सोडत नाही. पण आपल्या संसदेने २००१ मध्ये एक चांगलं काम केलं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क दिला. अट एकच, कंपनीच्या ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. कंपनीची मालकी मान्य केली आणि बांधावरची देवाणघेवाणही वाचवली. डिजिटल वस्तू विकत घेणाऱ्याला असा स्पष्ट हक्क आपल्याकडे अजून नाही. मागणी करायची असेल तर ही करा.

तोवर हातात जे आहे ते वापरा:

१. यंत्र घेताना डिस्कचा आणि बिनडिस्कचा फरक पोराला आणि दुकानदाराला समोरासमोर विचारा. जुने गेम विकता येतात, हाही हिशोबात धरा.

२. पक्कं बिल घ्या. वॉरंटी कोण देणार, दुरुस्ती कुठे होणार, हे लिहून घ्या.

३. फसवणूक झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत किंवा गुरुग्रामला असलं तरी जळगावकराने जळगावात, धुळेकराने धुळ्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही.

गेम खेळा, खुशाल खेळा. आवडत्या यंत्राचं कौतुकही करा. फक्त कंपनीसाठी मित्राशी भांडू नका, कारण कंपन्या एकमेकींशी कधी हातमिळवणी करतील याचा नेम नाही.

तुमच्या गल्लीत सगळ्यात जास्त फिरलेली कॅसेट कोणती, ते खाली लिहा. आणि या दिवाळीत ज्याच्या घरी यंत्र येणार आहे, त्याला हे आधी वाचायला द्या.