सागरी क्षेत्रनियोजनाचे शिक्षण : इतिहास आणि परिभाषा

जमिनीची मोजणी, तिच्यावरील बांध, गावठाण आणि गायरान या कल्पना आपल्या समाजात इतक्या रुजलेल्या आहेत की, त्यांचे आपणांस नवल वाटत नाही. समुद्राविषयी मात्र सुशिक्षितांची समजूत अशी की, तो सर्वांसाठी मोकळा, म्हणजेच एका अर्थी रिकामा आहे. गेल्या अर्धशतकात ही समजूत टिकणे अशक्य झाले. मासेमारी, जलवाहतूक, तेल व वायूच्या विहिरी, समुद्रतळावरील केबली, वाळूउपसा, पवनचक्क्या, पर्यटन आणि जीवसृष्टीचे संरक्षण हे सर्व एकाच पाण्यावर हक्क सांगू लागले. यांपैकी कोणास कोठे आणि केव्हा जागा द्यावी, हे सार्वजनिक विचारविनिमयाने ठरविण्याच्या पद्धतीस सागरी क्षेत्रनियोजन असे म्हणता येईल. हे काम करणारा अधिकारी कसा घडवावा, या प्रश्नाचा इतिहास येथे संक्षेपाने पाहावयाचा आहे. या शिक्षणाचे केंद्र प्रथम कायदा, मग नकाशा आणि शेवटी संवाद असे सरकत गेले. परंतु संवाद ज्या भाषेत व्हावयाचा, तिचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

समुद्र कोणाचा, हा वाद जुना आहे. ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ साली मुक्त समुद्राचा पक्ष मांडला आणि १६३५ साली जॉन सेल्डन याने त्याच्या उलट बंदिस्त समुद्राचा. हा वाद राज्याराज्यांमधील होता. किनाऱ्यावरचा मच्छीमार त्यात कोठेच नव्हता. पुढे भारताने १९७६ साली कायदा करून २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र आपले म्हणून घोषित केले आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा-करारात ही कल्पना सर्वमान्य झाली. आता प्रत्येक किनारी राज्याच्या हाती समुद्राचा विस्तीर्ण प्रदेश आला. त्याचा कारभार पाहणारी शिकलेली माणसे मात्र नव्हती.

प्रत्यक्ष विभागणीचा पहिला मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेत चुनखडीचे खाणकाम व तेलाचा शोध यांचे बेत पुढे आल्यावर लोकमत खवळले आणि १९७५ साली तेथे सागरी उद्यानाचा कायदा झाला. सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशात कोठे काय करता येईल, हे विभागवार ठरविण्यात आले. २००४ साली विभागणीची फेररचना झाली, तेव्हा मासेमारीस पूर्ण मनाई असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता, तो सुमारे तेहतीस टक्क्यांवर गेला. या फेररचनेवर लोकांकडून एकतीस हजारांहून अधिक निवेदने आली. सागरी नियोजनकाराला जीवशास्त्राइतकेच माणसांचे म्हणणे वाचता आले पाहिजे, हा धडा या निवेदनांच्या ढिगाने घालून दिला.

किनाऱ्याच्या व्यवस्थापकांचे शिक्षण याच काळात आकार घेत होते. अमेरिकेत १९७२ साली किनारपट्टी-व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच सुमारास ऱ्होड आयलंड विद्यापीठाने किनारी साधनसंपत्तीचे केंद्र स्थापन केले व पुढे परदेशी अधिकाऱ्यांसही शिकविण्यास प्रारंभ केला. १९९२ च्या रिओ परिषदेने किनाऱ्याच्या एकात्म व्यवस्थापनाचा पुरस्कार केल्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली ‘ट्रेन-सी-कोस्ट’ हा प्रशिक्षणक्रम हाती घेतला. या सर्व अभ्यासक्रमांत दृष्टी जमिनीवरून समुद्राकडे पाहणारी होती. किनाऱ्यावरील बांधकाम, सांडपाणी आणि धूप हे त्यांचे मुख्य विषय होते. भारताची १९९१ ची किनारा-नियमन अधिसूचनाही याच वळणाची होती.

समुद्रालाच नियोजनाचा विषय मानण्याचे वळण २००६ साली युनेस्कोने पॅरिस येथे भरविलेल्या कार्यशाळेने घेतले. तिच्यातून २००९ साली चार्ल्स एलर व फॅनी डुव्हेर यांनी लिहिलेली दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका निघाली आणि जगभरच्या प्रशिक्षणवर्गांचे तेच पाठ्यपुस्तक झाले. या मार्गदर्शिकेने केलेल्या व्याख्येत ‘स्थलिक’ या विशेषणाबरोबरच ‘कालिक’ हेही विशेषण आहे, याकडे पुढील विवेचनासाठी वाचकांचे लक्ष वेधून ठेवतो. २०१४ साली युरोपीय संघाने सदस्यराष्ट्रांना असे नियोजन बंधनकारक केले. व्हेनिस, सेव्हिल आणि अझोर्स येथील विद्यापीठांनी मिळून या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. नेदरलंड्समध्ये २०११ साली एक शैक्षणिक खेळ तयार झाला. त्याच्या पुढे निघालेल्या पटावरील आवृत्तीत तीन कल्पित देशांचे प्रतिनिधी होऊन शिकणारे ‘रिका’ नावाच्या कल्पित समुद्राची वाटणी करतात. जहाजमार्ग आखणाऱ्यास पवनचक्कीवाल्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही, ही गोष्ट अशा खेळात व्याख्यानापेक्षा लवकर उमगते. परंतु कल्पित समुद्रास एक सोय असते. तेथील उथळ भागास पिढ्यान्‌पिढ्या कोणी नाव दिलेले नसते आणि खेळणारे सर्वजण एकच परिभाषा बोलतात. खरा समुद्र असा नसतो.

येथे परिभाषेच्या प्रश्नाकडे वळू. युनेस्कोच्या लेखनात या विद्येस ‘मरीन’ हे विशेषण लागते, तर युरोपीय निर्देशात ‘मॅरिटाइम’. पहिल्याचा रोख समुद्ररूपी निसर्गाकडे आहे, दुसऱ्याचा समुद्रावरील मानवी उद्योगाकडे. मराठीत दोन्ही ‘सागरी’च होतात आणि हा धोरणभेद भाषांतरात गडप होतो. ‘स्पेशियल’ची अडचण याहून मोठी. ‘अवकाश’ म्हटले की, वाचकाची दृष्टी आकाशाकडे जाते. ‘स्थल’ हा शब्द तर आपल्या परंपरेत ‘जल’च्या विरोधानेच सिद्ध झालेला, ‘सागरी स्थलनियोजन’ हा वदतोव्याघात होईल. म्हणून येथे ‘क्षेत्र’ हा शब्द स्वीकारला आहे. त्यात शेताचा मूळ अर्थ आहे आणि तो येथे अस्थानी नाही. ‘स्टेकहोल्डर’चे प्रचलित भाषांतर ‘हितसंबंधी’ असे होते. परंतु मराठीत ‘हितसंबंध’ या शब्दास स्वार्थाची छटा चिकटलेली आहे. तेल कंपनी आणि वंशपरंपरेने जाळे लावणारा कोळी या दोघांनाही ‘हितसंबंधी’ म्हणणे म्हणजे हक्क आणि लाभ यांतील भेद पुसून टाकणे होय.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे कोकणच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. आपल्या उत्तर किनाऱ्यावर बोंबील, जवळा इत्यादींसाठी ‘डोल’ हे शंकूच्या आकाराचे पिशवीसारखे जाळे वापरतात. ते ओढीत नाहीत. समुद्रतळाशी पक्के करून प्रवाहाच्या तोंडाशी उघडे ठेवतात. ज्या जागी ते लावतात तिला ‘कव’ म्हणतात आणि कोणती कव कोणाची, हे गावोगावच्या रूढीने ठरलेले असते. जाळे चालते ते प्रवाहाच्या जोरावर. म्हणून उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या व लहान भरती-ओहोटीचे दिवस, यांप्रमाणे काम चढते व उतरते. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची चाल आहे. मार्गदर्शिकेतील ‘कालिक’ विभागणी ती हीच. खोली ‘वावां’त मोजतात आणि डोंगराचे टोक व देवळाचा कळस यांची ओळ जुळवून पाण्यातील जागा ओळखतात. हे सर्व क्षेत्रनियोजनच आहे. फक्त ते कागदावर नाही, शब्दांत आहे. सरकारी नकाशावर तेथे निळा रंग असतो.

या निळ्या रंगाची किंमत मोजावी लागते. पालघर-डहाणूकडील मच्छीमार आणि दक्षिणेकडून वसई-उत्तनच्या बाजूने येणारे मच्छीमार यांच्यात कवींवरून दीर्घकाळ तंटा चालत आला आहे. रूढी तोंडी असल्यामुळे अधिकाऱ्यास निवाडा देण्यास आधार सापडत नाही. दक्षिणेकडे १९८७ साली मालवण येथे सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. तेथे प्रवाळाचे महत्त्व खरे होते. परंतु सीमा आधी व संभाषण मागाहून, असा क्रम झाला की, संरक्षणाची योजनाही लोकांना अतिक्रमणासारखी वाटते. २०११ च्या किनारा-अधिसूचनेने पाण्यातील मासेमारीचे विभाग नकाशावर दाखविण्यास सांगितले. भारत व नॉर्वे यांच्या सहकार्याने २०२३ साली पुदुच्चेरी येथे देशातील सागरी क्षेत्रनियोजनाची पहिली चौकट तयार झाली. तेव्हा हे शिक्षण आपल्याकडे येणार, हे उघड आहे. ते कोणत्या स्वरूपात येणार, एवढाच प्रश्न उरतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मच्छीमारांचे शब्द व जागा नोंदविल्या, तर त्यांचे गुपित परक्या ट्रॉलरवाल्यांस आयतेच मिळणार नाही काय? हा आक्षेप रास्त आहे. चांगल्या मासळीची जागा ही कुटुंबाची ठेव असते. म्हणून काय नोंदवावे आणि काय नोंदवू नये, हे ठरविण्याचा अधिकार सांगणाऱ्याकडे राहिला पाहिजे आणि संमती घेण्याची ही रीत नियोजनकाराच्या अभ्यासक्रमाचा भाग असली पाहिजे. मात्र जागा नोंदविली नाही तरी, ती ज्या शब्दांनी सांगितली जाते ते शब्द अधिकाऱ्यास कळलेच पाहिजेत.

यावरून तीन सूचना निघतात. प्रत्येक प्रशिक्षणात नकाशा उलगडण्यापूर्वी त्या किनाऱ्याचा शब्दसंग्रह तयार करावा. कोळी, मालवणी आणि कोंकणी बोलींत एकच संज्ञा सर्वत्र चालेल असे गृहीत धरू नये. जनसुनावणीचा मसुदा स्थानिक बोलणाऱ्यांकडून वाचवून घ्यावा व त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहावे. आणि या कामी विद्यापीठांच्या भाषाविभागांनी सागरविज्ञानाच्या विभागांशी हात मिळवावा. मोलस्वर्थ व कँडी यांच्या कोशकार्यापासून मराठी शब्दसंग्रहाची परंपरा मोठी आहे. परंतु तिचा भर घाटावरच्या व लेखी भाषेवर राहिला. समुद्राचे शब्द जाणणारी पिढी वृद्ध होत आहे. कव दाखविणारा नकाशा पुढेही काढता येईल; ती कोणाची व का, हे सांगणारे वाक्य एकदा हरवले की, ते कोणत्याही उपग्रहास सापडणार नाही.