फेस आणि जंतु

रिठा व शिकेकाई यांवर आमच्या आज्या-पणज्यांनीं जन्म काढला. पुढें साबण आला, आणि १९५९ मध्यें ‘सर्फ’ ही खनिज तेलाच्या कुळांतली भुकटी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्यें निघालें; त्याच्या ठाणे-बेलापुर पट्ट्यांत तुर्भें येतें. तेथील रासायनिक कारखान्यांचें सांडपाणी ठाण्याच्या खाडीनें वर्षानुवर्षें सोसलें. म्हणून जंतूंकडून मळ काढणारें द्रव्य करवून घेण्याची गोष्ट तुर्भेकरांस परकी वाटूं नये.

गोष्ट तशी जुनीच. १९४९ मध्यें अमेरिकेंत जार्विस व जॉन्सन यांनीं अशा एका द्रव्याचें वर्णन केलें. पण तें देणारा जंतु रोगकारक. १९६८ मध्यें जपानांत ‘सर्फॅक्टिन’ सांपडलें, तें मात्र ‘बॅसिलस सब्टिलिस’ या निरुपद्रवी जंतूपासून. त्याच्याच भाऊबंदाकडून सोयाबीन आंबवून जपानी लोक आवडीनें खातात!

मग इतका खोळंबा कां? घोडें अडलें तें फेसापाशीं. टाकींत साखरेचें पाणी, जंतु आणि खालून हवा. माल जसा तयार होई तसा फेस उतूं जाई, आणि पुष्कळ पाण्यांतून थोडा माल वेगळा काढतांना पैसा सरे. पिंपरीस १९५५ पासून निघूं लागलेल्या पेनिसिलिनच्या टाक्यांतही फेस हा शत्रूच. येथें तर शत्रु हाच माल! द्रव्य महाग ठरलें. परंतु स्वस्त मालाची खाडीनें भरलेली किंमत त्या तुलनेंत कोणी धरली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

२०२४ मध्यें स्लोव्हाकियांत इव्होनिक कंपनीनें असा मोठा कारखाना उघडला. तेथील जंतु मक्याच्या साखरेवर पोसतात. साखर तर आमच्याकडेही आहे.