पंचरंगी सामने आणि एक पारशी वार्ताहर

मुंबईत मरीन लाइन्सहून चर्नी रोडकडे समुद्राच्या बाजूने चालू लागलं की पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने थोड्याथोड्या अंतरावर लागतात. आमच्यापैकी अनेकांनी इस्लाम जिमखाना पाहिला तो एखाद्या लग्नाच्या दावतीला. क्रिकेट खेळण्यासाठी धर्मावर बांधलेल्या संघांची ही घरं होती, हे त्या वेळी आमच्या ध्यानातही येत नाही. त्या क्रिकेटचा इतिहास आम्ही सांगतो तेव्हा खेळाडूंची नावं घेतो. तो खेळ लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या वार्ताहरांची नावं मात्र विसरतो. त्यांतलं एक नाव आहे ए. एफ. एस. तल्यारखान. मुंबई त्यांना बॉबी म्हणूनच ओळखत असे.

तल्यारखान पारशी, जन्म 1897 चा. 1934 साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत मुसलमान विरुद्ध पारशी असा सामना होता. त्याचं वर्णन त्यांनी रेडिओवरून केलं. भारतातलं क्रिकेटचं धावतं समालोचन तिथून सुरू झालं असं मानतात. तेव्हा ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही पडलेलं नव्हतं. ते 1936 साली आलं. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर हा माणूस एकटाच बोलत असे. ज्यांना तिकीट परवडत नव्हतं ते इराण्याच्या हॉटेलात रेडिओभोवती उभे राहून ऐकत.

ही स्पर्धा म्हणजे मुंबईचा उत्सवच होता. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू, आणि 1912 पासून मुसलमान असे संघ वाढत गेले. 1937 साली ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि चौरंगीची पंचरंगी झाली. रणजी करंडक 1934-35 च्या हंगामात सुरू झाला होता. पण प्रांताच्या नावावर खेळणाऱ्या संघांना पंचरंगीसारखी गर्दी लाभत नव्हती. धर्माच्या नावावर स्टेडियम भरत होतं, वर्तमानपत्रं खपत होती आणि तल्यारखानांचा आवाज घरोघर जात होता.

याच मुंबईत या प्रकाराला ठाम विरोध करणारं एक वर्तमानपत्रही होतं, ‘बॉम्बे क्रॉनिकल’. फिरोजशहा मेहतांनी सुरू केलेल्या या पत्राचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी, राष्ट्रीय चळवळीतले मुसलमान. त्यांचे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र यांनी जातवार क्रिकेट बंद करा, असा धोशाच लावला होता. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. फाळणीच्या आधीच्या मुंबईतला मुसलमान म्हटलं की आमच्यासमोर ठरावीक चित्र उभं केलं जातं. त्या चित्रात ब्रेलवी बसत नाहीत, म्हणून ते काढून टाकले जातात. दुसरे काढतात हे एक वेळ समजू शकतं, पण आम्ही स्वतः त्यांना किती वेळा आठवतो?

1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना भेटायला वर्ध्याला गेली. कॉलेजांचे, संस्थांचे सामने समजू शकतात. पण हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ कशासाठी, असा गांधीजींचा रोख होता. हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. मुसलमानांनी रेस्टला हरवून स्पर्धा जिंकली. खेळाडूंमध्येही दोन मतं होती. मैदानावर आमच्यात वैर नसतं, उलट दोस्ती वाढते, असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि ते खोटं बोलत नव्हते.

तल्यारखानांची खरी परीक्षा इथे होती. त्यांचं नाव ज्या सामन्यांनी केलं, त्याच सामन्यांविरुद्ध त्यांनी लेखणी उचलली. मैत्र पहिल्यापासून विरोधात होते. तल्यारखानांना मात्र स्वतःच्या लोकप्रियतेविरुद्ध लिहायचं होतं, आणि हे सोपं नसतं.

आणि तरीही 1944 ची अंतिम लढत आम्हाला विसरवत नाही. हिंदूंविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुसलमानांना जिंकायला 298 धावा हव्या होत्या. मुंबईचे के. सी. इब्राहिम सलामीला आले आणि शेवटपर्यंत नाबाद राहिले, 137 धावा काढून. संघ एका गड्याने जिंकला. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हा सामना ऐकताना आमचीही छाती फुगत असे. आज विचार करतो तेव्हा वाटतं, इब्राहिमच्या चिकाटीचा अभिमान जरूर बाळगावा. पण ते खेळले ज्या चौकटीत, ती मोडली हे बरंच झालं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. 1945-46 च्या हंगामानंतर पंचरंगी बंद झाली.

1948 साली वेस्ट इंडिजचा संघ आला. दिल्लीच्या कसोटीत इब्राहिम भारताकडून पहिल्यांदा खेळले आणि त्यांनी 85 व 44 धावा केल्या. पुढे ते कराचीला गेले. 2007 साली तिथेच वारले. त्याच मालिकेच्या वेळी रेडिओने एकाऐवजी तीन समालोचक बसवायचं ठरवलं. तल्यारखानांना माईक वाटून घेणं मंजूर नव्हतं. त्यांनी काम सोडलं. हा त्यांचा हट्ट होता, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली.

लेखणी मात्र चालूच राहिली. ‘ब्लिट्झ’मध्ये आणि उतारवयात ‘मिड-डे’मध्ये ते लिहीत होते. ‘मिड-डे’ 1979 साली सुरू केला खालिद अन्सारींनी. त्यांचे वडील अब्दुल हमीद अन्सारी यांनी 1938 साली उर्दू ‘इन्किलाब’ काढला होता. म्हणजे मुसलमान-पारशी सामन्यापासून बोलायला लागलेला हा पारशी शेवटी एका मुसलमानाच्या वर्तमानपत्रात लिहीत होता, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. ‘डू यू गेट मी, स्टीव्ह?’ हे त्यांचं पालुपद मुंबईकरांच्या तोंडी होतं. 1990 साली, नव्वदी ओलांडून, ते गेले.

भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी आजही आमच्या पोरांना शाळेत, ऑफिसात विचारलं जातं, ‘तू कोणाकडून?’ हा प्रश्न क्रिकेटमध्ये आज शिरलेला नाही. मुंबईच्या मैदानावर तो कैक वर्षं तिकीट लावून विचारला जात होता, आणि गर्दी त्याला टाळ्या वाजवत होती. तो विचारू नका, असं लिहिणारेही याच शहरात होते. त्यांत एक बंगाली होता, एक मुसलमान होता आणि एक पारशी होता. पोरांना इब्राहिमच्या 137 धावा सांगताना ही तीन नावंही सांगायला हवीत.