विश्रामबाग ते येरवडा : एका विद्यालयाच्या वास्तूंचीं स्थित्यंतरें

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील सरकारी हस्तलिखितांच्या सूचींत कित्येक क्रमांकांपुढें ‘विश्राम’ अशी खूण आढळते. ती पाहतांच पोथी खुद्द पेशव्यांच्या ग्रंथसंग्रहांतील समजण्याकडे संग्राहकांचा ओढा असतो. हा तर्क आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. ही खूण पोथीचा एक मुक्काम सांगते, धनी सांगत नाहीं. आणि त्या मुक्कामाचा इतिहास फार पालटता आहे.

विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्वतःच्या राहण्यासाठीं बांधविला. त्याचे सुरूदार लांकडी खांब आजही पाहणारास थांबवितात. १८१८ त राज्य गेलें. पेशवे श्रावणमासीं विद्वानांस जी दक्षिणा वांटीत, त्या खर्चाचाच एक भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं कमिशनर चॅप्लिन यानें या वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. धन्याचा वाडा आणि धन्याची दक्षिणा, दोन्ही शास्त्राध्ययनाच्या कामीं लागलीं; हुकूम मात्र परक्याचा! यांत विद्येची आस्था किती व शास्त्रीमंडळींस राजी राखण्याची मसलत किती, हें वाचकांनींच ठरवावें. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें.

१८५१ त पाठशाळा इंग्रजी शाळेशीं जोडली जाऊन पूना कॉलेज झालें. पुढें तेंच डेक्कन कॉलेज या नांवानें १८६८ त, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साह्यानें उभारलेल्या येरवड्याच्या दगडी इमारतींत गेलें. मागें राहिलेल्या वाड्यास १८७९ च्या मे महिन्यांत आग लागून त्याचा कांहीं भाग जळाला. त्याची डागडुजी झाली. नंतर तेथें नगरपालिकेची कचेरी आली, टपालकचेरीही आली.

येरवड्याची कथा आम्हां पोथीवाल्यांस अधिक जिव्हाळ्याची. मुंबई सरकारच्या हुकुमानें १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृतींनीं गोळा केलेल्या पोथ्या पुढें या कॉलेजांत ठेवल्या होत्या. १९१८ त १७ हजारांवर पोथ्या भांडारकर संस्थेकडे गेल्या, आणि त्यांबरोबर ‘विश्राम’ ही खूणही गेली. पुढें १९३४ त सरकारनें कॉलेजच बंद केलें. माजी विद्यार्थ्यांनीं न्यायालयापर्यंत झगडा नेला नसता, तर त्या वास्तूचें काय झालें असतें कोण जाणे! १९३९ त ती पुन्हां उघडली, पण पदवीपूर्व वर्गांसाठीं नव्हे, तर संशोधनासाठीं. १९४८ पासून याच आवारांत संस्कृत महाकोशाचें काम चाललें असून त्यासाठीं सुमारे १ कोटी उतारे चिठ्ठ्यांवर टिपलेले आहेत. पाठशाळेच्या शास्त्र्यांस हा उद्योग खचित मानवला असता.

असो. ‘विश्राम’ खुणेची पोथी पाहण्यांत आल्यास प्रथम तिची पुष्पिका वाचावी. लेखक, स्वामी, शक व स्थळ टिपून घ्यावें. त्यांत पेशव्यांच्या संग्रहाचा उल्लेख निघाला, तरच तिला पेशवेकालीन दौलतींत जमा धरावें. एरवीं ती पाठशाळेची समजण्यास प्रत्यवाय नाहीं.