महागाव–दोहा : अंतर व उड्डाणकाल

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महागाव या तालुक्याच्या गावापासून कतारची राजधानी दोहा सरळ रेषेत सुमारे 2,750 किमी. आहे. महागावला विमानतळ नाही. यवतमाळला धावपट्टी आहे, परंतु आखाताकडे जायला नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ (सोनेगाव) गाठावे लागते. दोह्याला थेट विमान तेथून सुटते. कतार एअरवेजची ही सेवा 2015 मध्ये सुरू झाली.

नागपूर–दोहा हवाई अंतर सुमारे 2,840 किमी. भरते. म्हणजे महागावचा प्रवासी आधी ईशान्येकडे, दोह्यापासून आणखी दूर जातो आणि मग पश्चिमेकडे वळतो. राष्ट्रीय महामार्ग 361 वरून आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असा हा रस्ता सुमारे 235 किमी. असून त्याला चार-पाच तास लागतात. विमानाला पुढचे बारापट अंतर कापायला साधारण चार तास पुरतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे, हे धरले तर घर सोडल्यापासून दोह्यात उतरेपर्यंत निदान अकरा-बारा तास जातात आणि त्यांतला जेमतेम तिसरा हिस्सा हवेत जातो. अंतराच्या छापील तक्त्यांत विमानतळापर्यंतचा हा वेळ धरलेला नसतो. खेड्यातून निघणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठीच उणीव आहे.

परतीचे उड्डाण सहसा लवकर संपते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान उच्चस्तरीय वारे वाहतात. त्यांचा जोर जाताना समोरून, तर येताना पाठीमागून लागतो. शिवाय दोह्याचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असते. त्यामुळे सकाळी आठला सुटून चार तास उडालेले विमान तिथल्या वेळेनुसार साडेनऊलाच उतरते. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून उड्डाणकाल काढू नये.

नागपूरला हवाई वाहतुकीत महत्त्व मिळाले ते देशाच्या मध्यावर असल्यामुळे. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई ही चारही शहरे तेथून साधारण 700 ते 1,000 किमी.वर आहेत. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा चार दिशांची विमाने मध्यरात्री सोनेगावला जमत, आपसांत थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. भारतीय टपालाच्या इतिहासातील ही फार देखणी योजना होती.

महागावला नागपूरपेक्षा नांदेडचे विमानतळ कितीतरी जवळ आहे : उमरखेडमार्गे सुमारे 100 किमी. शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीनिमित्त 2008 मध्ये त्याचा विस्तार झाला. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखालील पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. 27 एप्रिल 2017 रोजी तो सुरू झाला. सुमारे 245 किमी.चे हे अंतर छोटे पंखा-विमान तासाभरात कापी आणि हैदराबादेहून आखाताची विमाने मिळत. पुढे ही सेवा चालवणारी विमान कंपनी बंद पडली. जवळचे विमानतळ उपयोगी पडायचे तर तेथून नियमित सेवा टिकावी लागते आणि दक्षिण यवतमाळला तिची खरी गरज आहे.

या भागातून विमानतळाच्या शहरांकडे जायला पुढे रेल्वेही मिळू शकेल : वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किमी.चा नियोजित लोहमार्ग पुसद व उमरखेडवरून जातो. त्यातील वर्धा–कळंब टप्प्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली.