ओव्हल ते नायगाव, बॅटरीच्या सायकलवर

मुंबईच्या इमारती पाहायच्या तर मान वर करून चालावे लागते, आणि मुंबईच्या फुटपाथवर मान वर करून चालणे हे धाडसाचे काम आहे. मोटारीतून जावे तर इमारतीचा तळमजला तेवढा दिसतो. बसमधून जावे तर पुढच्या माणसाचे डोके. त्यामुळे ‘सायकलवरून मुंबईची आर्ट डेको वास्तुकला’ अशी एक सहल एका रविवारी सकाळी निघते आणि ती सायकल बॅटरीवर चालते, असे भाच्याने सांगितले तेव्हा मी लगेच नाव दिले. मी दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा. सायकल मला नवी नाही, पण सायकलने मला ओढून नेले हा अनुभव नवा होता. अडीचशे वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग असेल तर या वाहनाला परवाना लागत नाही. पायडल मारायचे, मागून कोणी तरी हात लावल्यासारखे वाटते, एवढेच.

आमची मार्गदर्शक वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. सकाळी सहाला रिगल सिनेमापाशी तिने आठ जणांना गोळा केले. ‘काका, चढावर घाबरू नका, मोटर ओढील’, असे मला बजावले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘व्हीटी स्टेशन कोणी बांधले?’ फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, हे एकदोघांना ठाऊक होते. ‘आणि हे रिगल?’ ते चार्ल्स स्टीव्हन्स याने, म्हणजे त्याच्याच मुलाने. बापाने कमानी, घुमट, दगडात कोरलेली माकडे आणि मोर उभे केले. मुलाने १९३३ साली वातानुकूलित चित्रपटगृह बांधले आणि खाली मोटारी ठेवायला तळघर दिले. एका पिढीत मुंबईचा चेहरा किती पालटला याचे याहून सोपे उदाहरण मला तरी सुचत नाही.

ज्याला आज आपण आर्ट डेको म्हणतो त्याला बांधणाऱ्यांनी तसे म्हटलेले नव्हते. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यावरून हे नाव रूढ झाले ते १९६०च्या दशकात. त्या काळात मुंबईत लोक सरळ ‘मॉडर्न’ म्हणत. मॉडर्न म्हणजे काय, तर घराघरांतला जुना मर्फीचा रेडिओ आठवा. गोल केलेले कोपरे, आडव्या पट्ट्या, मधोमध वर चढत जाणाऱ्या पायऱ्यांसारखा आकार. ओव्हल मैदानासमोरच्या इमारती अगदी तशाच आहेत. खिडकीवरचे छज्जे भुवयांसारखे लांबवर वळवलेले, जहाजाच्या कठड्यासारखे लोखंडी कठडे, कुठे जहाजासारखी गोल खिडकी, तर इमारतीचे नाव सिमेंटच्या ठसठशीत अक्षरांत. भुवया नुसत्या शोभेच्या नव्हत्या. पश्चिमेचे ऊन आणि आपला पाऊस त्यांनीच अडवायचा असतो.

ओव्हलच्या मधोमध उभे राहिले की दोन काळ समोरासमोर दिसतात. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळे एकोणिसाव्या शतकातले, दगडी, टोकदार कमानींचे. पश्चिमेला १९३०च्या दशकातली सिमेंट काँक्रीटची रांग, सगळ्या इमारतींची उंची जवळपास सारखी, कारण भूखंड देताना सरकारने तशी अटच घातली होती. पूर्वेकडच्या रस्त्याला आज कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे आणि पश्चिमेकडच्या रस्त्याला महर्षी कर्व्यांचे. ज्यांचे शिक्षण ‘रयत’च्या शाळेत झाले त्यांनी कधी तिथे गेलात तर एकदा पाटी वाचून यावी. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एकूण ९४ इमारती. घारापुरी आणि व्हीटी यांच्यानंतर मुंबईचे हे तिसरे वारसास्थळ. मायामीच्या खालोखाल जगात मुंबईतच या शैलीच्या इमारती सर्वाधिक, असे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. आमचीनेही सांगितले. ही मोजदाद कोणी, कशी केली यावर ते अवलंबून असल्याने मी ते फारसे मनावर घेतले नाही.

मला जास्त मोलाची वाटली ती माणसांची नावे. गजानन बाबुराव म्हात्रे हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट, शिव शांती भुवन आणि मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महल, या इमारती त्यांच्या. कमू अय्यर या वास्तुविशारदांनी २००० साली म्हात्र्यांच्या कामावर इंग्रजीत एक पुस्तक काढले, तोवर सामान्य वाचकापर्यंत हे नाव पोचलेच नव्हते. फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीचे (१९३६) आराखडे मास्टर, साठे आणि भूता या कंपनीचे, आणि तिच्या दर्शनी भिंतीवरची भव्य शिल्पे ना. ग. पानसरे यांची. विमा कंपनीच्या दारावर कष्टकरी माणसे कोरलेली पाहून मी सायकल थोडा वेळ तिथेच उभी केली. साहेबाच्या राज्यात, साहेबाच्या शैलीपासून फारकत घेऊन, आपल्याकडच्या माणसांनी ही इमारत उभी केली. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे नावही १९२९चे. याच संस्थेने १९३७ साली टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवून मुंबईकरांना स्वयंपाकघर कसे असावे, न्हाणीघर कसे असावे हे दाखवले.

इथे जमिनीची गोष्ट सांगायला हवी, कारण ओव्हलच्या पश्चिमेची ही रांग उठायला जागा मिळाली ती समुद्र हटवल्यामुळे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॅकबेची भरणी सुरू झाली. त्यासाठी डेव्हलपमेंट खाते असे वेगळे खातेच निघाले. योजना होती ११४५ एकरांची, आठ भागांत. बंदराच्या तळाचा गाळ उपसून आणायचा आणि समुद्रात बांधलेल्या भिंतीच्या आत टाकायचा. पण भिंतीच्या दगडांतल्या फटींतून गाळ पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने या खात्याचा कारभार जाहीरपणे चव्हाट्यावर आणला. खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन तो जिंकले. लोक या योजनेला ‘लॉईडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. अखेर चारच भाग पुरे झाले, साडेचारशे एकरांच्या आत. गंमत अशी की भरणीतून निघालेल्या जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्याला पुढे वीर नरिमन यांचेच नाव दिले गेले, आणि नंतरच्या काळात समुद्र हटवून जे टोक तयार झाले त्यालाही.

साधारणपणे पायी सहल इथे संपते. मरीन ड्राइव्हवर फोटो, इरॉसपाशी चहा. इरॉस १९३८चे, सोहराबजी भेडवारांचे, बरीच वर्षे बंद होते, २०२४ साली पुन्हा सुरू झाले. पण बॅटरीच्या सायकलचा फायदा असा की ‘चला, आता दादरला’ म्हटले तर कोणाला दम लागत नाही. गिरगाव चौपाटीला वळसा घालून, रविवारच्या रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही परळच्या बाजूला निघालो. सहलीतल्या दोघांना प्रश्न पडला की परळ-नायगावात आर्ट डेको कुठले?

ते नायगावच्या बीडीडी चाळींपाशी कळले. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. म्हणजे तेच खाते! ज्या खात्याने बॅकबेत समुद्र हटवला, त्याच खात्याने त्याच सुमारास वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्या कामासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. म्हणजे खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कापसातूनही या भिंतींचे पैसे आले. ५० हजार गाळे बांधायचे ठरले होते. झाले सोळा हजारांच्या घरात, २०७ चाळींत. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. काँक्रीट दोन्हीकडे होते. तिथे त्याला वळणदार सज्जे फुटले, इथे नुसत्या चौकटी.

माझे चुलते यवत स्टेशनावरून गाडी धरून मुंबईला गेले ते या नायगावच्या चाळीत. गिरणीत कामाला होते. लहानपणी मी सुट्टीत तिथे राहिलो आहे. एका खोलीत सात माणसे, त्यातली दोन रात्रपाळीची, म्हणून अंथरूण कधी गार पडत नसे. ‘ब्लॉक’ हा शब्द मी पहिल्यांदा त्या चाळीत ऐकला. अमक्याने ब्लॉक घेतला, म्हणजे त्याचे नशीब उघडले. ब्लॉक म्हणजे ज्याचा संडास घराच्या आत आहे आणि ज्याचे दार लावून घेता येते. आमच्या मार्गदर्शकाने ओव्हलवर सज्जे आणि भुवया दाखवल्या, त्या खऱ्याच सुंदर आहेत. पण त्या पिढीच्या दृष्टीने या वास्तुकलेतली क्रांती इमारतीच्या तोंडावर घडलीच नव्हती. ती पाठीमागच्या बाजूला, न्हाणीघराच्या पाइपात घडली होती. बायकांनी पहाटे रांगेत उभे न राहणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे रांगेत उभ्या राहिलेल्यांना विचारावे.

ओव्हलसमोरचा ब्लॉक मिळाला तो सधन व्यापारी, डॉक्टर, वकिलांना. पण त्याच आराखड्याची धाकटी आवृत्ती दादर, माटुंगा, शिवाजी पार्क इथे हिंदू कॉलनीत आणि पाच उद्यानांच्या भोवती उभी राहिली, ती कारकून, मास्तर, छोटे दुकानदार यांच्यासाठी. तीन-चार मजले, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे गोल सज्जा, जिन्याच्या भिंतीवर सिमेंटचा उगवता सूर्य. हिंदू कॉलनीत सायकली भिंतीला टेकवून आम्ही राजगृहापुढे उभे राहिलो. १९१२ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इथे घर बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. त्यांना बांधकामाची बारीक जाण होती आणि आराखड्यात त्यांनी स्वतः लक्ष घातले होते. चाळीतून स्वतंत्र घरात जाणे म्हणजे काय, हे सांगायला मला या दोन पत्त्यांहून चांगले उदाहरण नको.

हा आराखडा पुढे कुठवर गेला पाहा. आमच्या कासुर्डीच्या आसपास उसाचा पैसा आल्यावर जी पहिली स्लॅबची घरे झाली, त्यांच्या माथ्यावर सिमेंटचा अर्धा सूर्य, खाली ‘सन’ घालून साल, आणि गोल कोपऱ्याचा सज्जा असायचा. गवंड्याने आर्ट डेको हा शब्द ऐकलेला नव्हता. पुण्याला किंवा मुंबईला एखादे काम करून आलेला असेल, हाताला ते वळण लागले.

आता अडचण पुढे आहे. ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह यांना युनेस्कोचे कवच आहे. दादर-माटुंग्याला ते नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्यात भाडेकरू तगला खरा, पण मालकाने दुरुस्ती सोडून दिली. ऐंशी-नव्वद वर्षांची समुद्राची हवा, आतली गंजलेली सळई, निखळणारा गिलावा. अशा घरात राहणाऱ्याला ‘हा वारसा आहे, जपा’ असे सांगायचा अधिकार सायकलवर दोन तास येऊन जाणाऱ्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला पुनर्विकासात मोठी खोली, लिफ्ट आणि टाकीत पाणी मिळणार असते. वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून पाचशे फुटांत जाणाऱ्याला कोणता इतिहास अडवणार?

पण पाडण्याआधी नोंद तरी व्हावी. ते काम आमची मार्गदर्शक आणि तिचे वर्गमित्र करत आहेत. माटुंग्यात एका इमारतीवर पुनर्विकासाची पाटी लागली होती आणि हिरवी जाळी चढली होती. तिने आम्हाला पाच मिनिटे थांबायला सांगितले, जिन्याच्या कठड्याचा फोटो काढला, तळमजल्यावरच्या आजींना विचारून दारावरच्या नावातली अक्षरे टेपने मोजली आणि वहीत लिहून घेतली. आजींनी विचारले, ‘अगं, हे पाडणारच आहेत, मोजतेस कशाला?’ ती म्हणाली, ‘आजी, किती उंच होती ते कोणाला तरी माहीत असावं.’ आजी आत गेल्या आणि जुने वीजबिल घेऊन आल्या. त्यावर इमारतीचे नाव आणि घराचा नंबर छापलेला होता. तिने त्याचाही फोटो काढला.