झाली किती, जगली किती?

माझी आजी ब्रह्मपुरीकडची. तिला मुलं किती, असं विचारलं की ती 'चार' म्हणायची. एकदा मी विचारलं, "आजी, झाली किती?" ती थोडं थांबून म्हणाली, "सहा झाले. चार रायले." त्या दोघांची कुठल्याच कागदावर नोंद नाही.

आजचा भाग अशाच न लिहिलेल्या जन्मांवर आहे. चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. इथल्या गोंड, माडिया बायकांची बाळंतपणं पिढ्यानपिढ्या घरीच होत आली. बाळ नाव ठेवण्याआधीच गेलं, तर ना जन्माची नोंद, ना मृत्यूची. आम्ही कोडिंगवाले सारखं सांगतो की माहिती नसणं म्हणजे शून्य नव्हे. रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

मग हा इतिहास कळणार कसा? विल्यम ब्रास या स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या नोंदी नसलेल्या भागांसाठी एक रीत बसवली. बाईला तिचं वय विचारायचं, मग मुलं झाली किती आणि त्यातली जगली किती. त्यावरून बालमृत्यूंचा अंदाज निघतो. आपल्या १९८१ च्या जनगणनेतही हे प्रश्न होते. म्हणजे आईची आठवण हेच दप्तर!

पण बायकांना विचारतं कोण? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी तपासणी-उपचार झाले होते फक्त ८ टक्क्यांचे.

पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावी प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपला. १९९३-९५ मध्ये ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. मग गावातल्याच बायका शिकून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. आधी मोजलं, म्हणून वाचवता आलं.

"पूर्वी बायकांना आठ-आठ मुलं व्हायची," असं आपण हसत बोलतो. त्यातली किती रायली, हेही विचारा. आजी थांबली, तर तुम्हीही थांबा. भेटू पुढच्या भागात!